लढलेली तलवार

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो, चौथी शिकलेला आणि कुणाचं न ऐकणारा. चंडीगडला नातीच्या प्लास्टिकच्या तलवारीला मी हट्टानं चपात्यांची फॉइल चिकटवली. शाळेच्या नाटकात राणी होणारी नात रडायला लागली, "आजोबा, ये तो केक काटने वाली है. मैं स्टेज पे नहीं जाऊँगी."

तिला घेऊन स्टेशनरीच्या दुकानात गेलो. तिथल्या बाईनं फॉइल उचकटून चक्क चुरगाळली.

"ओ बाई!" मी ओरडलो.

"बाबाजी, नई तलवार से कौन डरेगा? लड़ी हुई लगनी चाहिए."

तीच फॉइल चिकटवून तिनं बोटानं बूटपॉलिश चोळलं आणि पुसलं. सुरकुत्यांत काळं राहिलं. प्लास्टिकचं जुनं लोखंड झालेलं बघून माझ्या अंगावर काटा आला. नातीनं ती दोन्ही हातांनी उचलली, जड असल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच मी पुठ्ठ्याची ढाल घेऊन दारात उभा होतो, शिकायला.