भाव उतरेपर्यंत बिनसाखरेचा

औषधाच्या दुकानात गोळ्यांपेक्षा किस्से जास्त साठतात, असं माझं मत आहे. गोळ्यांना निदान एक्स्पायरी डेट तरी असते!

उदगीरच्या बाजारात आमच्या ह्यांचं मेडिकल आहे, आणि घर दुकानाच्या मागंच. पूजा, स्वयंपाक, जेवणं आवरली की दुपारी मी चहाची किटली घेऊन दुकानातल्या बाकावर येऊन बसते. सोबतीला दोघी ठरलेल्या. एक चंद्राक्का, आमची शेजारीण. तिला लांबून बघितलं तरी भाजीवाले तराजू झाकून ठेवतात! दुसऱ्या सुशीलाबाई, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेल्या. सगळं गाव त्यांना नुसतं 'बाई' म्हणतं. चहात तीन चमचे साखर घेणार आणि वर म्हणणार, "वैनी, साखर महाग झाली का गं आज?"

हे सगळं त्या मोठ्या दुष्काळाच्या सालातलं. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं, आमच्या गल्लीत टँकरनं. त्याच साली बाईंच्या छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि डॉक्टरांनी एक इंजेक्शन लिहून दिलं. दर तीन आठवड्याला घ्यायचं. दोन घेतली आणि बाईंच्या पेन्शननं हात टेकले. मुलगा म्हणाला, घर विकू.

बाई म्हणाल्या, "अन् बरी झाले तर राहू कुठं? टँकरमदी?"

डॉक्टरांनी तोवर दुसऱ्या गोळ्या दिल्या, पण बजावलं, "बाई, जास्त खंड पडू देऊ नका."

*

त्याच सुमारास ह्यांना कळलं, की त्या इंजेक्शनच्या भावावरून सरकार आणि कंपनीचं दिल्लीत बोलणं सुरू झालंय. हे भलतेच खुश. फोनवर कुणाला तरी मोठ्यानं सांगायला लागले, "दिल्लीला बोलणी चालू हायेत! समोरचे लई मागायलेत, पण जमंल असं वाटायलंय."

काउंटरवर खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका काकूंनी तेवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या काकूंसकट गल्लीतल्या चार बायका दारात!

"वैनी, तुमच्या पोराचं, म्हेशचं, दिल्लीला जमायलंय म्हणं? पोरगी तिकडचीच का?"

मी म्हटलं, "अहो, महेशचं कशाचं! इंजेक्शनची बोलणी ती!"

काकूंनी गालाला हात लावला. "अगं बया! पोरगी नर्स हाय का?"

*

चंद्राक्काची बाजार करायची रीत ठरलेली आहे. आधी तोंड वाकडं करायचं, मग मालात खोड काढायची, मग पाठ फिरवून चालायला लागायचं. मागून हाक येतेच, "या की अक्का!" सौदा झाला की पिशवी पुढं करून शेवटचा प्रश्न, "अन् वरून?" मग मूठभर कोथिंबीर पिशवीत पडते.

हे एकदा म्हणाले, "अक्का, दिल्लीला तुम्हालाच पाठवायला पाहिजे."

"पाठवा की! कंपनीवाल्याला म्हणते, हे काय इंजेक्शन हाय? बाटलीच्या बुडाला चार थेंब! अन् फिरवते पाठ."

आम्ही पोट धरून हसलो. बाईसुद्धा हसल्या. मग पदरानं डोळे पुसत म्हणाल्या, "अक्का, भेंडीकडं पाठ फिरवता येते. माझ्या इंजेक्शनकडं कशी फिरवू?"

चंद्राक्कानं कप खाली ठेवला.

"तुम्ही नकाच फिरवू. म्हणून तर सरकारला फिरवायला लावायची. त्याला कुठं गाठ हाय!"

*

मी सोमवार करणारी बाई. माझ्यानं दिल्लीला जाववत नाही, पण महादेवाच्या देवळात जाववतं. मी पिंडीवर बेल ठेवला आणि म्हटलं, बाईंच्या इंजेक्शनचा भाव उतरेपर्यंत माझा चहा बिनसाखरेचा.

दुपारी सांगितलं, तर चंद्राक्का माझ्यावरच उखडली. "एकदम समदी साखर सोडलीस? देवाला आधी अर्धा चमचा बोलायचा, मग वाढवत न्यायचं! तुला कशातच भाव करता येत न्हाई."

बाईंनी हसून मान हलवली. "वैनी, मी बुद्धवंदना म्हणणारी. नवसाबिवसावर माझा विश्वास न्हाई. साखर सोडून कुठं भाव उतरतो?"

मी म्हटलं, "बाई, विश्वास माझा, साखर माझी. तुम्ही फक्त चहा घ्या."

पण बाईंनी त्या दिवसापासून आमच्याकडचा चहा घेणंच सोडलं. कप पुढं केला की म्हणायच्या, "नको गं, औषधानं मळमळायलंय." मला वाईट वाटायचं. पण आजारी माणसाला आग्रह किती करणार?

*

दुष्काळात औषधाच्या दुकानाचीसुद्धा मजा असते. ब्लडप्रेशरच्या गोळीचा भाव सरकारनं तेव्हाच कमी करून टाकला होता. एक आजोबा जळकोटहून गोळ्या न्यायला आले. ह्यांनी मोठ्या आनंदानं सांगितलं, "आजोबा, स्वस्त झाली बघा तुमची गोळी! रोज सकाळी एक, ग्लासभर पाण्यासंगं."

आजोबांनी पाकीट उलटंपालटं करून बघितलं. "गोळी स्वस्त केली ते बरं केलं. ग्लासभर पाण्याचं काय?"

*

त्यातच आमच्या गावाचा जिल्हा होणार अशी हवा होती. तशी ती कायमच असते, पण त्या साली जरा जोरात होती. रस्ता कधी होणार? जिल्हा झाला की. नळाला पाणी? जिल्हा झाला की. बाईंचा मुलगा म्हणाला, "जिल्हा झाला की मोठा सरकारी दवाखाना होतो. मग इंजेक्शनसाठी लातूरला जायचं काम न्हाई."

बाई म्हणाल्या, "मी गाठीला सांगून ठेवलंय बाबा. जिल्हा होईस्तोवर वाढू नको म्हणून."

*

एके दिवशी हे पेपर नाचवतच घरात आले. भाव बांधला! सरकारनं इंजेक्शनचा भाव पार खाली आणला होता. बाईंच्या पेन्शनीत बसेल इतका! मी देवापुढं दिवा लावला. चंद्राक्का साखरेचा डबा घेऊन धावत आली.

पण ह्यांनी लातूरला फोन लावला आणि तोंड बारीक झालं. नवा भाव लागू झाल्यापासून मालच येईना. लातूरला नाही, नांदेडला नाही.

चंद्राक्का म्हणाली, "म्हंजे भाव खाली आला अन् माल वर गेला?"

मी डबा परत केला. तर ती हट्टालाच पेटली. "देवाशी बोली काय होती? भाव उतरायची. उतरला! देवानं त्याचं काम केलं. घाल साखर!"

"बाईंच्या दंडात सुई जाईपर्यंत नाही."

"बघ! म्हणून म्हणते, नवस बोलताना अटी नीट घालाव्या. आता देव म्हणंल, डिलिव्हरी माझ्याकडं नव्हती!"

*

दुसऱ्या औषधांचा माल स्वस्तात आला, तरी माणसांचं समाधान होईल तर शपथ. साखरेच्या आजाराची गोळी स्वस्त झाली, तर चाकूरकडचे एक पाटील ती घेईनात. "एवढ्या कमी भावात खरी गोळी येतीया व्हय? मला पहिलीच द्या."

हे म्हणाले, "पाटील, तीच गोळी, तीच कंपनी."

"असू द्या. मला जुन्या भावाची द्या."

हे कंटाळून म्हणाले, "घ्या हीच. उरलेले पैसे देवळाच्या पेटीत टाका. हिशेब जुन्याच भावाचा होईल!"

पाटलांनी थोडा विचार केला. "मग नव्या भावाचीच द्या."

*

मध्येच एकदा बाईंची सून दुपारची आमच्याकडं आली. हातात भरलेला स्टीलचा डबा. "वैनी, घरात साखर लई उरायलीय. मुंग्या लागायल्यात. तुम्हाला ठिवू का?"

मी म्हटलं, "अगं, माझा तर नवस चालू आहे."

ती वैतागली. "मग न्यावी तरी कुठं? आमच्यात एवढी साखर फक्त आत्याच खायच्या!"

आत्या म्हणजे तिच्या सासूबाई. मी तिला डबा चंद्राक्काकडं द्यायला सांगितला. तेव्हा माझ्या डोक्यात काही म्हणजे काही आलं नाही.

*

शेवटी एका सोमवारी सकाळीच फोन आला: लातूरला इंजेक्शन आलंय. मुलगा कामावर होता, म्हणून बाईंसोबत चंद्राक्का गेली. ह्यांना धडकी भरली. जाताना दहा वेळा बजावलं, "अक्का, हात जोडतो. तिथं भाव करू नका. भाव बांधलेला आहे!"

चंद्राक्कानं भाव केला नाही. काउंटरवरच्या माणसानं आकडा सांगितला, तिनं निमूट पैसे ठेवले. तोंडसुद्धा वाकडं केलं नाही. त्यानं बर्फ घातलेल्या थर्माकोलच्या डब्यातून इंजेक्शन काढून दिलं. ते घेऊन बाई वळल्या, तरी चंद्राक्का पिशवी पुढं करून उभीच.

"काय पाहिजे, मावशी?"

"अन् वरून?"

तो माणूस गोंधळला, मग हसला. खाली वाकून त्यानं बर्फाचं आणखी एक पाकीट काढलं आणि तिच्या पिशवीत टाकलं. तिथल्याच दवाखान्यात सुई टोचून झाल्यावर बाईंनी तेच पाकीट दंडावर धरलं, आणि दोघी एसटीनं घरी आल्या.

मी किटली तयारच ठेवली होती. आधी देवापुढं साखर ठेवली, मग चहात. नवस फिटला होता. माझ्या कपात एक चमचा, चंद्राक्काच्या कपात एक. बाईंना विचारलं, "बाई, आज तरी घेणार का? का अजून मळमळतंय?"

"घेते की. पण एकच चमचा घाल."

त्यांनी एक घोट घेतला आणि डोळे गच्च मिटले.

"लई गोड केलास गं."

"एकच चमचा आहे, बाई. तुम्हीच तर म्हणालात."

"हाव का? मग सवय मोडली असंल."

चंद्राक्काचा कप हातातच राहिला. मी किटली खाली ठेवली. "बाई, तुम्ही तर मळमळतंय म्हणून चहा सोडला होता ना?"

"हाव, मळमळच होती ती," बाई म्हणाल्या. त्यांनी उरलेला चहा एका दमात संपवला, आणि रिकामा कप माझ्यापुढं सरकवला.

"अन् वरून?"