बळेमामांची बदकं

आमचे मामा बदकांच्या पायांत वाळे घालत. सोन्यारूप्याचे नव्हेत, मुंबईच्या पक्षी-अभ्यासकांकडून मागवलेले, आकडा कोरलेले, ॲल्युमिनियमचे. शिलेदारांच्या घराण्यातला हा झुपकेदार मिशांचा माणूस म्हैसूरच्या तळ्यात कमरेएवढ्या पाण्यात उभा राहून जाळं लावी आणि फडफडणारं बदक मांडीवर घेऊन लाडक्या लेकीला सजवावं तसा वाळा चढवी. कन्नडमध्ये बांगडीला ‘बळे’ म्हणतात. गल्लीने नाव ठेवलं, बळेमामा!

“दर हिवाळ्याला तीच बदकं येतात. तीच मारलीत तर पुढे येणार कोण?” हे ते भेटेल त्या शिकाऱ्याला ऐकवत.

“बदकांनी सांगितलं का, रावसाहेब?” शिकारी हसत.

मामांना पुरावा हवा होता. आपण घातलेला एक तरी वाळा पुढच्या हिवाळ्यात परत मिळायला हवा. मिळेना. मामी म्हणत, “नातवाला घातले असते तर निदान घरात राहिले असते!” मामा मिशीला पीळ देत. “येईल. माझी बदकं आहेत ती.”

एकदा खबर आली, हुणसूरकडच्या एका गावात वाळ्याचं बदक मारलं. मामा मला घेऊन पहिल्या मोटारीने निघाले. शिकारी घरी नव्हता. दारात त्याची बायको. मामांनी फौजी आवाजात फर्मावलं, “बळे तेगेदु कोडम्मा!” बांगडी काढून दे, बाई!

नवरा धडधाकट असताना बांगडी काढ म्हणणारा हा मिशावाला कोण? बाईने मुसळ उचललं. गाव गोळा झालं. मी मोटारीकडे पळालो, मामा जागचे हलले नाहीत. “बदकाची, अम्मा, बदकाची!” म्हणत भर रस्त्यात पंख फडफडवून दाखवू लागले.

गाव हसलं, बाई हसली नाही. “अभद्र बोललास. आधी बांगड्या भर.”

मामांनी तिथल्या तिथे कासार बोलावला आणि सख्ख्या भावासारखे तिचे दोन्ही हात हिरव्या चुड्याने भरले. तेव्हा कुठे तिने तांदळाच्या मडक्यातून वाळा काढला. मामांनी आकडा दोनदा वाचला. “माझाच. गेल्या हिवाळ्यात घातलेला.”

“म्हणजे तीच परत आली? कुठून?” बाईने विचारलं.

“हिमालयापलीकडून, अम्मा.”

तेवढ्यात खांद्यावर बंदूक टाकून नवरा आला. बाई कडाडली, “तवरिगे बंदवळन्न होडेदेया?” माहेरी आलेलीला मारलीस?

मामांनी आकडा मुंबईला कळवला, बड्या शिकाऱ्यांनाही दाखवला. त्यांनी तो पुरावा कुठे ठेवला, देव जाणे. त्या गावच्या तळ्यावर मात्र पुन्हा बंदूक वाजली नाही.

मामा गेले तेव्हा मी त्या बाईला सांगायला गेलो. ती तळ्याकडे बघत हळूच म्हणाली, “सगळ्या माहेरी आल्यात. त्यांना सांगू नकोस.”