अर्धा फेरा

आमच्या घरात भांडायला कुणाची ना नाही, पण भांडायच्या आधी वाकळेला एक फेरा घालावा लागतो. हा नियम माझ्या सासूबाईंचा. त्यांचं नाव धुरपताबाई. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे मी त्यांना आत्याबाई म्हणते आणि सासऱ्यांना मामा. लग्न होऊन पोखर्णीहून झरीला आले तेव्हा माझ्या नाकावर राग होता आणि तो अजून तिथंच आहे. नव्या नवलाईचे दिवसही सरले नव्हते, तेव्हाची गोष्ट. वरणात मीठ कमी पडल्यावरून माझा नवरा भागवत काहीतरी लागट बोलला. मी तोंड उघडणार तेवढ्यात आत्याबाईंनी माझ्या हातात सुई दिली.

"आधी एक फेरा घाल. मग काय बोलायचं ते बोल," त्या म्हणाल्या.

वाकळ म्हणजे शहरातली माणसं जिला गोधडी म्हणतात तीच. जुनी लुगडी, धोतरं, विरलेल्या चादरी ओसरीवर एकावर एक अंथरायच्या, हात फिरवून सुरकुत्या काढायच्या, कडा दुमडून घ्यायच्या आणि काठाकाठानं साधा धावदोरा घालत निघायचं. चारी बाजू फिरून जिथं सुरुवात केली तिथं परत आलं की एक फेरा झाला. पुढचा फेरा त्याच्या आत, बोटभर अंतरावर. असं करत बाहेरून मध्यापर्यंत पोचायचं. घाई केली की खालचं कापड पुढं सरकतं आणि शेवटी वाकळेचं मधोमध पोट सुटतं. ते मग कशानंही बसत नाही. म्हणून दोन टाके घालायचे, तळहातानं कापड सारखं करायचं, पुन्हा दोन टाके.

त्या दिवशी पहिल्या बाजूला मी भागवतला काय काय सुनवायचं ते मनात जुळवलं. दुसऱ्या बाजूला त्याच्या आख्ख्या खानदानाचा उद्धार केला. तिसऱ्या बाजूला दोऱ्याची गुंतवळ झाली, ती सोडवण्यात वेळ गेला. चौथ्या बाजूला मला भूक लागली. फेरा संपला तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "हां, आता बोल." मी म्हणाले, "भाकरी आहे का?"

अति राग अन् भीक माग, असं आपली माणसं म्हणतात. आमच्या गल्लीनं त्यावर आत्याबाईंचा उतारा शोधला. कुणाचं जावेशी वाजलं, कुणाला नणंद टोचून बोलली, की ती बाई पदर खोचून आमच्या ओसरीवर यायची आणि गुमान वाकळेच्या एका कडेला बसायची. कुणी काही विचारत नसे. तासाभरानं ती सुस्कारा टाकून उठायची आणि घरी जाऊन चूल पेटवायची. मला आधी हसू यायचं. पण स्वतः बसायला लागले तसं कळलं, की त्या संथ कामात काहीतरी आहे खरं. टाका पुढं सरकतो आणि छाती हळूहळू मोकळी होत जाते. डोक्यातला गलका कधी थांबला ते समजतही नाही. मी डॉक्टर नाही, पण हे औषध मी स्वतः घेतलेलं आहे.

प्रत्येकीचा राग वाकळेवर ओळखू येतो. माझे टाके रागात बारीक आणि आवळलेले पडतात, कापडाला चुण्या येतात. आत्याबाईंचा टाका मात्र कायम एकसारखा. सगळे म्हणायचे, धुरपताबाई म्हणजे गाय. मलाही वाटायचं की या बाईला देवानं राग दिलेलाच नाही.

आता मामांविषयी. व्यंकटराव म्हणजे माणूस सोन्यासारखा. दारी आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडणार नाहीत. पण मानपानाचा विषय निघाला की सुंभ जळेल, पीळ जाणार नाही. आत्याबाईंना एकच सख्खी बहीण, वच्छलाबाई, धाकटी. ती चारठाण्याला दिलेली. दोघी लहानपणी एकाच वाकळेवर समोरासमोर बसून सुई धरायला शिकल्या. या वच्छलामावशीच्या मुलीचं, पंकजाचं, लग्न होतं. मांडवात आत्याबाईंच्या माहेरच्या आहेरात जावयांना फेटे बांधताना मोतीबिंदू झालेल्या एका म्हाताऱ्यानं थोरल्या जावयाला, म्हणजे मामांना, सोडून पहिला फेटा धाकट्याला, म्हणजे नवरीच्या बापाला, बांधला. झालं. मामा भरल्या पानावरून उठले आणि आत्याबाईंनाही उठवलं. तेव्हापासून येणं-जाणं बंद. त्या पंकजाचा मुलगा आता परभणीत कॉलेजला आहे.

गंमत म्हणजे मामांनी "जायचं न्हाई" असं एकदाही म्हटलं नाही. आत्याबाईंनी विषय काढला की ते "बघू" म्हणायचे. आमच्या घरात मामांच्या "बघू"चा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे. आत्याबाई मग ओसरीवर जाऊन वाकळ पुढं ओढायच्या.

यंदा तुरीची काढणी चालू होती तेव्हा माझ्या फोनवर पंकजाचा फोन आला. ती आणि मी व्हॉट्सअ‍ॅपवर बोलत असतो. हे मामांना माहीत नाही, आणि माहीत व्हायची गरजही नाही. ती म्हणाली, "वहिनी, मावशीला दे." मी फोन आत्याबाईंच्या कानाला लावला. आवाज बाहेर ऐकू येत होता. "मावशे, आईला लकवा मारला. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आणलंय, पर डॉक्टर म्हणायलेत की पुन्हा झटका आला तर सांगता येत न्हाई. नीट बोलता येईना तिला. अक्का, अक्का एवढंच म्हणायली."

अक्का म्हणजे आत्याबाई. त्यांनी फोन माझ्याकडं दिला आणि बाजेवर बसलेल्या मामांना सगळं सांगितलं. मामांनाही वाईट वाटलं होतं, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. पण मग ते म्हणाले, "लय वंगाळ झालं. तूर निघू दे. त्यांच्याकडून कुणी माणूस आला बोलवायला तर... बघू."

आत्याबाईंनी वाकळ ओढली, सुईत दोरा ओवला आणि टाके घालायला लागल्या.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. घरातला नियम नसता तर मी त्या दिवशी मामांना फेट्यासकट ऐकवलं असतं. पण नियम तो नियम. मी समोरच्या कडेला बसले आणि सुई चालवायला लागले. बाजेवर मामा पानाला चुना लावत होते. मी एक कड संपवली, दुसरीला लागले, तरी राग उतरेना. आत्याबाईंचा हात मात्र नेहमीसारखा चालला होता. तो शांत हात बघून पहिल्यांदाच मला त्यांचाही राग आला. वाटलं, या बाईला बहीण नकोच आहे का?

दुसऱ्या बाजूच्या मधोमध आत्याबाई थांबल्या. फेरा अर्ध्यात सोडून उठणं आमच्याकडं अशुभ मानतात. मीठ कमी पडल्याच्या दिवशी मी उठायला लागले होते, तर यांनीच मला हाताला धरून खाली बसवलं होतं. म्हणून मी वर बघितलं. त्या सुई वर धरून उरलेल्या फेऱ्याकडं बघत होत्या.

"काय झालं, आत्याबाई?"

"हा फेरा पुरा केला तर माजा राग जाईल, राजेश्री," त्या म्हणाल्या. "दर बारीला गेलाय. आन मला ह्या बारीला तो जाऊ द्यायचा न्हाई."

इतकी वर्षं मी ज्याला शांती समजत होते ती काय होती, ते मला त्या क्षणी कळलं. गल्लीतल्या बायका राग इथं ठेवून हलक्या होऊन जायच्या. आत्याबाई तर इथंच राहायच्या.

त्यांनी सुई कापडात खोचली, गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"मी चारठाण्याला चालले," त्या म्हणाल्या.

मामांनी पान हातातच धरून ठेवलं. "आत्ता? आगं, तूर..."

"तूर तुमची हाय. बहीण माजी हाय."

"माणूस तरी येऊ दे त्यांचा. असं न बोलवता..."

"ती बोलवायलीय की. अर्ध्या तोंडानं बोलवायलीय." आत्याबाईंचा आवाज चढला होता. मी तो तसा कधी ऐकला नव्हता, आणि मला वाटतं मामांनीही नसावा. "तुमाला फेटा बांधला न्हाई, त्याची शिक्षा मी भोगली. मी कुणाचं काय केलं होतं?"

मामांनी पान तसंच डब्यात ठेवून दिलं.

मी पिशवीत दोन लुगडी टाकली आणि त्यांच्याबरोबर निघाले. भागवतनं आम्हाला मोटारसायकलवर फाट्यावर सोडलं. जिंतूरला गाडी बदलून चारठाण्याला उतरलो तेव्हा दुपारही टळली नव्हती. वाटेत आत्याबाईंनी दोनतीनदा विचारलं, "अजून किती लांब हाय?" आणि प्रत्येक वेळी मी म्हणाले, आलंच. खरोखरच प्रत्येक वेळी आलेलंच होतं.

वच्छलामावशी पुढच्या खोलीत बाजेवर पडून होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात उशीवर ठेवलेला. आत्याबाई उंबऱ्यातच थबकल्या. मावशींनी मान वळवून बघितलं, ओळखलं, आणि त्यांची नजर आत्याबाईंच्या पाठीमागं दाराकडं गेली. तिथं मी एकटीच उभी होते.

"दाजीनं... धाडलं?" त्यांनी विचारलं. शब्द फुटत नव्हते, पण एवढं कळलं.

"न्हाई गं," आत्याबाई म्हणाल्या. "माजी मीच आले."

मावशी डाव्या हातानं त्यांना जवळ ओढायला लागल्या. आत्याबाई बाजेच्या कडेला बसल्या आणि बहिणीचा तो निर्जीव उजवा हात मांडीवर घेऊन चोळत राहिल्या. बऱ्याच वेळानं त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"एवढाच रस्ता होता, राजेश्री," त्या म्हणाल्या. "एवढाच होता गं." आणि मग त्या मोठ्यानं रडल्या.