सुतकात विषारी माशाला चारा
आम्हा नवरा-बायकोने मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे बिरड्यासाठी वाल सोलणं, तेही मुलाने आमच्या पोलादपूरच्या घरात आणून ठेवलेल्या काचेच्या पेटीसमोर बसून. पेटीत समुद्रातला मासा होता, अंगावर पट्टे आणि पाठीवर विषाचे काटे. त्या मिठाच्या पाण्याचा कुबट वास आजही कुठे आला की मी नाकाला पंचा लावतो. मुलगा महाडला कारखान्यात कामाला, तिथेच राहायचा, म्हणून माशाला चारा बायकोच घालायची. बादलीतला जिवंत बारका मासा तिने जाळीने सोडला की तो पट्टेवाला सावकाश जवळ यायचा, जबडा फाकून गिळायचा, आणि बारक्याची शेपूट त्याच्या तोंडाबाहेर वळवळत राहायची. "कसली घाण सांभाळतेस गो?" मी म्हणालो. ती हसली, "तुमच्यापरीस बरा हाय. मीठ कमी पडलं म्हणून ताट तरी सारत नाय." त्याच दुपारी छातीत कळ येऊन ती गेली. संध्याकाळी तिला जाळून आलो, तर मासा काचेला तोंड लावून चाऱ्याची वाट बघत होता. माझी थोरली बहीण म्हणाली, "सुतकात घरात जीव मारायचा नाय. उपाशी मरू दे त्याला." त्या जनावराची किळस मला तेव्हाही होती, आजही हाय. पण तिच्या हातचं खाऊन जगणारे त्या घरात आम्ही दोघंच होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे अंगणात शेजाऱ्यांनी आणलेला चहा पीत असताना मी बादलीतला एक मासा जाळीत धरला, तोंड फिरवलं आणि पेटीत सोडला.