आव्यात कऱ्हा होता

मैत्रिणींनो, आजचं तुम्हाला सांगायलाच हवं.

आज सकाळी आटगावजवळच्या स्टुडिओत आमच्या बायकांच्या गटानं आवा, म्हणजे मडकी भाजायची भट्टी, लावला. सगळ्यांची मडकी एकाच आगीत, वर गोवऱ्या नि पेंढा. त्यातच माझ्या नणंदेनं, मनीषाताईंनी, लेकीच्या लग्नासाठी स्वतः घडवलेला कऱ्हा, करवलीच्या हातातला मातीचा कलश.

तेवढ्यात आतून फट्‌कन आवाज आला!

"मॅडम, उघडून बगा ना!" मनीषाताई रडकुंडीला आल्या.

"आत्ता वारा लागला तर सगळ्यांचीच तडकतील," शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

शेवटी मनीषाताईंनीच उठून वर आणखी पेंढा टाकला. "नाय उघडायचा."

दुपारी डबे कुणी उघडलेच नाय.

संध्याकाळी राख सारली. कऱ्हा अख्खा! फुटलं होतं ते माझं मडकं, आणि सगळ्यात मोठ्यानं हसले मीच.

स्वतःचं फुटल्यावर असं हसू तुम्हाला आलंय कधी?