माझ्या पावलावरचा निळा ठिपका

माझ्या पावलात नाडी नाही, असं सानिकाने परीक्षेत सांगितलं. मी टेबलावर पाय सोडून बसले होते आणि चांगली जिवंत होते.

ठाण्याहून आलेले परीक्षक सर चष्म्यावरून तिच्याकडे बघू लागले. आधीच्या दोघांना त्याच पायाची नाडी लागली होती. दोघांनीही ठोके बहात्तर सांगितले होते.

सर म्हणाले, "मग काय, आजी मध्येच गेल्या?"

"अजून नाही," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. सानिका रडायच्या बेतात होती. विठ्ठलवाडीची ही पोरगी याच विषयात एकदा नापास झालेली. आज पुन्हा नापास झाली असती, तर वर्ष गेलं असतं.

आधी माझं काम सांगते. कोपर स्टेशनबाहेर मी मासे विकायचे. गुडघे गेले, पाटी सुटली. मग कल्याणला एका फिजिओथेरपी कॉलेजात मॉडेल म्हणून लागले. मॉडेल म्हटल्यावर सुनेने मला वरपासून खालपर्यंत बघून घेतलं. पोरं माझं अंग चाचपतात आणि कातडीखाली कुठे हाड, कुठे नाडी ते ओळखतात. त्याला सरफेस अ‍ॅनाटॉमी म्हणतात. मला फक्त गप्प बसायचं असतं. तेवढंच अवघड जातं.

पावलाच्या वरच्या बाजूला एक नाडी असते. पायाचा अंगठा उचलला की कातडीखाली एक दोरी ताठ होते, तिच्या शेजारी. पुस्तकात ती ठरलेल्या जागी, माणसात जरा इकडेतिकडे. आमच्या मॅडम सांगतात, गल्ली डोळ्यांनी शोधा, घर बोटांनी. पोरं घरही डोळ्यांनीच शोधतात. सगळ्यांच्या फोनवर अ‍ॅपमधला एक पाय आहे. तो गरागरा फिरवतात, त्याची कातडी काढतात, परत घालतात. माझा फिरवायला गेले तर मी ओरडते.

सानिकाला फोनमधला पाय पाठ होता. खऱ्या पायावर मात्र ती घाबरून इतकी दाबायची, की असलेली नाडीही बंद व्हायची. मॅडम म्हणायच्या, बोट नुसतं ठेव. मी म्हणायचे, अगं, पापलेट नाही तो, ताजा आहे का बघायला.

परीक्षेच्या सकाळी यादीत पहिला असलेला रोहन माझ्या पायाशी येऊन बसला. एका हातात फोन, दुसऱ्यात निळं पेन. फोनमध्ये बघून त्याने माझ्या पावलावर ठिपका दिला. माझ्या अंगावर पोरं रोजच रेघोट्या मारतात, म्हणून मी काही विचारलं नाही. आत गेल्यावर ज्याने त्याने ठिपक्यावरच बोट ठेवलं.

आता सरांनी स्वतः त्या ठिपक्यावर बोटं ठेवली. बराच वेळ ठेवली. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तेव्हा मात्र मलाही शंका आली.

"हा ठिपका कुणाचा?"

"पहिल्या मुलाचा," मी म्हटलं. "फोनमध्ये बघून काढला."

सरांनी नॅपकिन घेतला आणि माझ्या पावलावर टाकला. सानिकाला म्हणाले, "आता शोध."

तिने नॅपकिनखाली हात घातला. आधी नॅपकिनकडेच टक लावून बघत बसली. तिथे काही दिसेना, तेव्हा डोळे मिटले. बोटं बर्फासारखी गार. मला अंगठा उचलायला सांगितलं. दोरी सापडली. खाली सोडायला सांगितलं. मग बोटं हळूहळू करंगळीच्या बाजूला सरकली आणि थांबली. या वेळी दाबली नाहीत.

"आहे," ती म्हणाली. मोजून झाल्यावर म्हणाली, "अठ्ठ्याऐंशी."

सरांनी मोजले. तेवढेच भरले. एवढे का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, इतका वेळ तुम्ही मला मेलेली धरून चालला होतात, ठोके काय कमी होतील?

मग रोहनला परत बोलावलं. नॅपकिन तसाच होता. त्याने हात घातला, तोंड गंभीर केलं, थोडा वेळ घालवला आणि पुस्तकातलाच आकडा सांगितला, बहात्तर. त्याचं बोट माझ्या घोट्याच्या हाडावर होतं.

कोपऱ्यातून मॅडम म्हणाल्या, "गल्लीसुद्धा चुकली."

सानिका पास झाली. रोहन आणि त्याच्या मागचा, दोघांना पुन्हा बसावं लागलं. आता परीक्षेआधी मॅडम आपल्या डोळ्यांसमोर माझे पाय साबणाने धुवायला लावतात. ज्याला ठोके आधीच माहीत असतात त्याला पाय कशाला लागतो, हे मला अजून कळलेलं नाही.

नाडी तिथेच आहे, जरा करंगळीकडे. मी कामावर आहे.