पडद्यामागची बगळी

आमच्या कपड्यांच्या दुकानात तिला सगळे बगळी म्हणत. डावा खुबा लहानपणीच अधू झालेला, म्हणून सगळा भार उजव्या पायावर. आणि मालकांचा नियम असा, की गिऱ्हाईक असो नसो, विक्रीवाल्या बायकांनी बसायचं नाही. बसलेली बाई दिसली की दुकान ओस वाटतं म्हणे. स्वतः मात्र गादीच्या खुर्चीतून हलायचे नाहीत. बिलं करायला मला खुर्ची होती. तिला काही नव्हतं.

पुढेपुढे दुपारनंतर तिचा चांगला पायही थरथरायचा. "अगं, माग ना एक स्टूल," मी म्हटलं की तिचा चेहरा पांढराफटक.

"नको बाई. लंगडते ते त्यांना दिसतंच. उभं राहवत नाही असं कळलं तर घरीच बसवतील. सासूबाईंचं औषधपाणी, पोरीची शाळा, सगळं माझ्याच पगारावर."

मग तिनेच एक तोड काढली. कपडे घालून बघायच्या खोलीत शिरायचं, पडदा ओढायचा आणि घटकाभर जमिनीवर टेकायचं. ओढलेला पडदा कोण उघडणार?

एकदा मालक नेमके तिथे जाऊन थांबले. "ताई, होतोय का ड्रेस?"

आत बगळीच होती. आतून भलताच किनरा आवाज आला, "घट्ट होतोय."

मालकांनी लगबगीने मोठ्या मापाचा ड्रेस पडद्यावरून आत टाकला आणि तिथेच उभे राहिले. आता इकडे आड, तिकडे विहीर!

शेवटी पडदा सरकला. बगळी ड्रेस छातीशी धरून बाहेर आली, घामाने डबडबलेली. "मीच होते, साहेब. खुबा फार दुखतो. मला... एक स्टूल द्याल का? काम कमी नाही करणार."

"उद्या बघू," मालक म्हणाले. तेवढ्याने तिचा जीव रात्रभर टांगणीला.

सकाळी काउंटरमागे एक उंच स्टूल होतं. कुणासाठी, ते कुणी बोललं नाही आणि विचारायची तिची छाती होईना. दुपारपर्यंत ती त्याच्या शेजारीच एका पायावर उभी.

"ते काय शोभेला आणलंय?" मालक खेकसले.

ती टेकली, अगदी कडेला. पण दार वाजलं की दचकून उठायची. आजही उठते.

"बस गं," मी म्हणते.

"बसलेच आहे की," ती म्हणते, उभी राहून.